आई-वडिलांसाठी अमेरिकेतील नर्सिंग होम : तपासणी अहवाल कसा वाचावा आणि काळजीचे निकष कसे मागावेत

अमेरिकेत स्थायिक झालेल्या पहिल्या पिढीतील अनेक मराठी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि मुलांनी भारतातून बोलावून घेतलेले आई-वडीलही थकले आहेत. पक्षाघात झाला, खुब्याचे हाड मोडले किंवा स्मृतिभ्रंश बळावला की रुग्णालयातील डिस्चार्ज प्लॅनर नर्सिंग होमची यादी हातात ठेवतो आणि एक-दोन दिवसांत निवड कळवा असे सांगतो. घरातील सारे त्या वेळी खचलेले असतात, म्हणून बहुतेक कुटुंबे घरापासूनचे अंतर आणि इमारतीची टापटीप पाहून निर्णय घेतात. माझ्या सासूबाईंसाठी आम्ही न्यू जर्सीत ही निवड केली आणि पुढे त्यांच्या काळजीचा पाठपुरावाही केला. त्या काळात जे नियम समजले आणि जे प्रत्यक्ष उपयोगी पडले, ते येथे क्रमाने मांडत आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे लहान खासगी रुग्णालय. या लेखात मात्र वृद्ध आणि परावलंबी माणसांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या अमेरिकी संस्थेविषयीच लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सर्व टप्पे तिच्यावर आधारलेले आहेत. येथे तपासणीची व्यवस्था कडक आहे आणि तिचे अहवाल सर्वांना खुले आहेत. परंतु तपासनीस त्यांना जे दिसते आणि रहिवासी जे सांगतात, तेच लिहू शकतात. आपली वडीलधारी माणसे परक्यापुढे गाऱ्हाणे मांडत नाहीत. जेवण जात नसले तरी विचारणाऱ्याला ती हसून ‘ऑल गुड’ म्हणतात. त्यामुळे नियमांनी दिलेले संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम कुटुंबालाच करावे लागते.

१. संस्था कोणत्या प्रकारची आहे, याची आधी खात्री करा

नर्सिंग होम आणि असिस्टेड लिव्हिंग (रोजच्या कामांत मदत मिळणारे निवासस्थान) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली फसगत येथेच होते. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) किंवा मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्ययोजना) यांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना केंद्राचे नियम लागू होतात. असिस्टेड लिव्हिंगवर फक्त राज्याचे नियम चालतात आणि ते राज्याराज्यांत फार वेगळे आहेत. या लेखातील तारांकन, तपासणीची मुदत आणि काळजीचे निकष असिस्टेड लिव्हिंगला लागू नाहीत. एकाच आवारात दोन्ही प्रकार चालवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, म्हणून तुमच्या माणसाची खोली कोणत्या परवान्याखाली येते हे स्पष्ट विचारून घ्या.

रुग्णालयाने दिलेल्या यादीतून निवड करण्याचा हक्क रुग्णाचा आणि कुटुंबाचा आहे. ‘येथे आत्ता जागा आहे’ या एका कारणावरून लगेच होकार देऊ नका. निदान पुढचे तीन टप्पे त्याच संध्याकाळी घरी बसून पूर्ण करता येतात.

२. तपासणी कोण करते आणि कशी होते, हे समजून घ्या

आजची व्यवस्था १९८७ साली अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यातून आली. त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने नर्सिंग होममधील निकृष्ट काळजीविषयी सविस्तर अहवाल दिला होता. नियम सीएमएस, म्हणजे सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस, ही केंद्रीय संस्था ठरवते. प्रत्यक्ष तपासणी तिच्या वतीने राज्याचे खाते करते. न्यू जर्सीत हे काम राज्याचा आरोग्य विभाग करतो.

नियमित तपासणी न कळवता होते. दोन तपासण्यांमध्ये जास्तीत जास्त १५ महिन्यांचे अंतर असावे आणि राज्याची सरासरी १२ महिन्यांची असावी, असा नियम आहे. तपासनिसांच्या गटात किमान एक नोंदणीकृत परिचारिका असते. हा गट काही दिवस संस्थेत राहून रहिवाशांशी बोलतो, औषधे वाटताना परिचारिकेच्या शेजारी उभा राहतो, स्वयंपाकघर पाहतो, जेवणाच्या वेळा पाहतो आणि नोंदी तपासतो. निकष किती नेमके असतात याचे उदाहरण म्हणजे, औषधे देताना झालेल्या चुकांचे प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून अधिक निघाले तर ती त्रुटी म्हणून नोंदवली जाते. तक्रार आली तर नियमित तपासणीची वाट न पाहता वेगळी तपासणीही होते.

अग्निसुरक्षेची तपासणी स्वतंत्र असते. तिचा अहवाल पाहायला मिळतो, पण पुढे सांगितलेल्या ताऱ्यांमध्ये ती धरली जात नाही.

३. तारे पाहा, पण ते कशाचे आहेत हे जाणून पाहा

मेडिकेअरच्या ‘केअर कम्पेअर’ या संकेतस्थळावर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे दिलेले असतात. ही पद्धत २००८ सालापासून आहे. एकूण ताऱ्यांच्या मागे तीन वेगळे भाग आहेत : आरोग्य तपासणी, कर्मचारीसंख्या आणि गुणवत्तेचे निर्देशांक. हिशेबाची सुरुवात आरोग्य तपासणीच्या ताऱ्यांपासून होते. कर्मचारीसंख्येला पाच तारे असतील तर एकूणात एक तारा वाढतो आणि एकच असेल तर एक कमी होतो. गुणवत्तेच्या निर्देशांकांचेही तसेच आहे.

या तिन्हींवर सारखा विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आरोग्य तपासणी बाहेरून आलेली माणसे करतात. कर्मचाऱ्यांचे आकडे पगारपत्रकांवरून घेतले जातात, म्हणून तेही बऱ्यापैकी भरवशाचे असतात. गुणवत्तेच्या निर्देशांकांचा मोठा भाग मात्र संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीवर अवलंबून असतो. आरोग्य तपासणीत दोन तारे आणि निर्देशांकांत पाच तारे असलेली संस्था एकूण तीन तारे दाखवते आणि ‘मध्यम’ वाटते. अशा ठिकाणी दोन तारेच खरे माना.

दुसरी बाब, आरोग्य तपासणीचे तारे राज्यांतर्गत तुलनेने दिले जातात. राज्यातील वरच्या १० टक्के संस्थांना पाच तारे आणि तळाच्या २० टक्क्यांना एक तारा मिळतो; उरलेल्या मधल्या तीन श्रेणींत वाटल्या जातात. त्यामुळे मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी टेक्ससमध्ये असेल, तर दोन्हीकडच्या संस्थांची तुलना ताऱ्यांवरून करता येत नाही. ती अहवाल वाचूनच करावी लागते.

त्याच पानावर दोन चिन्हे शोधा. लाल वर्तुळातील हाताचा पंजा म्हणजे अलीकडच्या तपासणीत रहिवाशाला छळ किंवा इजा झाल्याचा ठपका आहे. पिवळा त्रिकोण म्हणजे ती संस्था ‘स्पेशल फोकस फॅसिलिटी’ आहे, म्हणजे वारंवार गंभीर त्रुटी सापडल्यामुळे तिची तपासणी जास्त वेळा केली जाते. या दोन्हींपैकी एखादे चिन्ह दिसले तर यादीतील दुसरे नाव पाहा. मालकी कोणाची आहे आणि ती अलीकडे बदलली आहे का, हेही तेथेच कळते. मालक बदलला असेल तर जुने चांगले अहवाल जुन्या व्यवस्थापनाचे असतात, हे ध्यानात ठेवा.

४. मूळ तपासणी अहवाल वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरी माहिती तर येथेच असते. प्रत्येक तपासणीनंतर २५६७ क्रमांकाच्या फॉर्मवर त्रुटींचे निवेदन तयार होते. केअर कम्पेअरवर ते उघडून वाचता येते. शिवाय नवीनतम अहवाल संस्थेत अशा जागी ठेवणे बंधनकारक आहे की कोणालाही तो न मागता वाचता यावा. गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागितल्यास दाखवावे लागतात. स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याला ती जागा माहीत नसेल, तर तीही एक माहितीच समजा.

अहवालात रहिवाशांची नावे नसतात. ‘रहिवासी क्रमांक १२’ अशा रीतीने घटना सांगितलेल्या असतात. प्रत्येक त्रुटीला ‘एफ’ने सुरू होणारा एक क्रमांक असतो. सगळे क्रमांक शिकण्याची गरज नाही, पण पुढचे ओळखता यावेत : एफ ६०० छळ आणि दुर्लक्ष, एफ ६०९ छळाची तक्रार वेळेत न कळवणे, एफ ६८६ अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा, एफ ६८९ पडणे आणि इतर अपघात, एफ ७२५ अपुरे परिचर्या कर्मचारी, एफ ८१२ स्वयंपाकघर आणि अन्नाची स्वच्छता, एफ ८८० संसर्ग प्रतिबंध.

त्यापुढे त्रुटीची तीव्रता आणि व्याप्ती दाखवणारे इंग्रजी अक्षर असते. ही बारा अक्षरे तीन-तीनच्या चार गटांत येतात. ए, बी, सी म्हणजे किरकोळ. डी, ई, एफ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली नाही, पण होण्याची शक्यता होती. जी, एच, आय म्हणजे रहिवाशाला प्रत्यक्ष इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवाला तत्काळ धोका. गटातील पहिले अक्षर एकट्या-दुकट्या घटनेसाठी, दुसरे वारंवार दिसलेल्या प्रकारासाठी आणि तिसरे संस्थाभर पसरलेल्या दोषासाठी असते. बहुतेक त्रुटी डी ते एफ या गटातच येतात, त्यामुळे ‘इजा नाही’ हे शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. घंटी वाजवूनही तासभर कोणी न आल्याने ओल्या कपड्यांत पडून राहिलेल्या वृद्धेची हकिकतसुद्धा डी अक्षराखाली सापडू शकते.

अहवाल वाचताना मी तीन प्रश्न समोर ठेवत असे. जी किंवा त्यापुढचे अक्षर कोठे आहे का? एकच एफ-क्रमांक लागोपाठच्या तपासण्यांत परत आला आहे का? आणि तक्रारींवरून झालेल्या तपासण्यांमध्ये किती त्रुटी सिद्ध झाल्या? यांपैकी दुसऱ्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देते. एखाद्या वर्षीची चूक कोणाकडूनही होऊ शकते, परंतु सुधारणेचा लेखी आराखडा दिल्यानंतरही तीच चूक पुन्हा आढळली तर तो आराखडा कागदावरच राहिला असे मानावे लागते. त्रुटींचे निवेदन मिळाल्यापासून १० दिवसांत संस्थेला हा आराखडा सादर करावा लागतो. तो केअर कम्पेअरवर दिसत नाही, म्हणून संस्थेकडे मागा आणि ‘यातले काय प्रत्यक्षात झाले?’ असे प्रशासकालाच विचारा.

त्रुटींचा निव्वळ आकडा मात्र फसवा असतो. स्वयंपाकघरातील डब्यावर तारीख नसणे आणि रक्त पातळ करणारे औषध देण्यात झालेली चूक, दोन्ही एक-एक त्रुटी म्हणूनच मोजल्या जातात. शिवाय नवीन अहवाल संकेतस्थळावर यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून ‘यानंतर एखादी तपासणी झाली आहे का?’ हे भेटीत विचारायला विसरू नका.

५. स्वतः जाऊन पाहा, आणि एकदा तरी न कळवता जा

ठरवून दिलेल्या वेळी नेले जाते तेव्हा संस्थेची उत्तम बाजूच दिसते. शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या वेळी जा. आठवड्याच्या शेवटी कर्मचारी कमी असतात, आणि केअर कम्पेअरवर त्या दिवसांचे आकडे वेगळे दिलेले आहेत. ते आधी पाहून गेलात तर काय शोधायचे हे कळेल.

त्या दिवशी प्रत्येक पाळीत किती परिचर्या कर्मचारी आहेत याचा फलक दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे. केंद्राच्या कायद्यानुसार परवानाधारक परिचारिका चोवीस तास आणि नोंदणीकृत परिचारिका (म्हणजे जास्त शिक्षण घेतलेली, ‘आरएन’) दररोज सलग किमान ८ तास असली पाहिजे. प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान ३.४८ तासांची परिचर्या असावी, असा नियम केंद्राने २०२४ साली जाहीर केला होता. तो २०२५ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला, तरी तुलनेसाठी हा आकडा मनाशी धरायला हरकत नाही. न्यू जर्सीत राज्याचा वेगळा कायदा २०२१ सालापासून लागू आहे : दिवसपाळीत दर ८ रहिवाशांमागे एक प्रमाणित नर्सिंग असिस्टंट, संध्याकाळी दर १० मागे आणि रात्री दर १४ मागे एक प्रत्यक्ष काळजी घेणारा कर्मचारी. फलकावरचे आकडे वाचा आणि मजल्यावर दिसणारी माणसे मोजा.

घंटीचे दिवे किती वेळ लागलेले राहतात, पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात आहे का, जेवण भरवणारी व्यक्ती समोर बसून भरवते की उभ्याने चमचे कोंबते, हे पाहा. लघवीचा वास एखाद्या खोलीत येणे समजू शकते. संपूर्ण मजल्यावर येत असेल तर कर्मचारी पुरे पडत नाहीत.

६. कागदपत्रे जमवा, आणि सह्या करण्यापूर्वी वाचा

सोबत असावे असे कागद : मेडिकेअर, मेडिकेड आणि अन्य विम्याची कार्डे, ओळखपत्र आणि नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा, रुग्णालयाचा डिस्चार्ज सारांश, मात्रेसह औषधांची यादी, आणि तिच्यात आयुर्वेदिक किंवा भारतातून आणलेली औषधेसुद्धा, ॲलर्जीची नोंद, लसीकरणाची नोंद, पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) आणि वैद्यकीय निर्णयांसाठी प्रतिनिधी नेमल्याचा कागद. हा शेवटचा कागद माणूस शुद्धीवर आणि सावध असतानाच करता येतो, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची प्रकृती बरी असतानाच तो करून घ्या.

प्रवेशाच्या गठ्ठ्यात दोन कागद जपून पाहावेत. पहिला म्हणजे वाद झाल्यास न्यायालयाऐवजी लवादाकडे जाण्याचा करार. त्यावर सही करणे ही प्रवेशाची अट असू शकत नाही, आणि सही झाली असली तरी ३० दिवसांत तो करार रद्द करता येतो. दुसरा म्हणजे ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ म्हणून घेतली जाणारी सही. मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या खिशातून पैसे भरण्याची हमी द्यावी, अशी अट प्रवेशासाठी घालता येत नाही. आई-वडिलांच्या पैशांचा व्यवहार तुम्ही पाहत असाल तर त्यांच्या पैशातून बिल भरण्यापुरती सही करा, आणि आपण प्रतिनिधी म्हणून सही करत आहोत हे नावापुढे लिहा.

७. पहिल्या काही दिवसांतच काळजीचा आराखडा पक्का करा

प्रवेशानंतर ४८ तासांत प्राथमिक काळजी आराखडा तयार व्हावा लागतो. सविस्तर मूल्यमापन १४ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत संपूर्ण आराखडा, असा क्रम आहे. पुढे दर तीन महिन्यांनी त्याचा आढावा होतो. या बैठकांना रहिवाशाने आणि कुटुंबाने हजर राहणे हा हक्क आहे. बैठकीत तोंडी कबूल झालेली गोष्ट आराखड्यात लिहून घ्या, कारण तपासनीस पुढे आराखडा आणि प्रत्यक्ष काळजी यांचीच तुलना करतात. जे लिहिलेले नाही ते न केल्याबद्दल जाब विचारणे कठीण जाते.

भाषा. रहिवाशाला समजेल अशा भाषेत प्रकृतीची माहिती मिळणे हा नियमाने दिलेला हक्क आहे. ‘मराठी’ असे स्पष्ट लिहून घ्या. ‘इंडियन’ किंवा ‘हिंदी’ अशी नोंद झाली तर दूरध्वनीवरचा दुभाषी चुकीच्या भाषेचा येतो. नातवंडांना दुभाषी करू नका. दुखणे, शौच, लघवी, चक्कर, तहान, थंडी अशा शब्दांचा चित्रांसह तक्ता पलंगाजवळ लावला तर रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

जेवण. रहिवाशांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक गरजा लक्षात घेऊनच आहार ठरवावा आणि नको असलेल्या पदार्थाऐवजी तितकाच पोषक दुसरा पदार्थ द्यावा, असा नियम आहे. शाकाहारी म्हणजे अंडे नाही, मासे नाहीत आणि मांसाच्या रसात शिजवलेले सूपही नाही, हे एकेक करून लिहून घ्यावे लागते. पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष ताट पाहिल्याशिवाय यावर विसंबू नका. संध्याकाळचे जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांहून अधिक अंतर नसावे. रात्री पोषक खाणे दिले आणि रहिवाशांच्या गटाची संमती असली तर ते १६ तासांपर्यंत चालते. घरून मऊ भात किंवा मुगाची खिचडी नेता येते आणि त्यासाठी संस्थेचे लेखी धोरण असतेच. मात्र गिळण्याचा त्रास असेल तर नेमके किती दाट अन्न चालेल हे परिचारिकेला विचारल्याशिवाय एक घासही भरवू नका, कारण अन्न श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया या वयात जीवघेणा ठरतो.

वजन दर महिन्याला मागून घ्या. एका महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत साडेसात टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही लक्षणीय मानली जाते आणि त्यावर उपाय करणे संस्थेला भाग असते. ६० किलो वजनाच्या बाईंचे महिन्याभरात ३ किलो उतरले तर आहारतज्ज्ञाला लगेच बोलावण्याचा आग्रह धरा. न आवडणारे जेवण निमूटपणे परत पाठवणाऱ्या आपल्या माणसांच्या बाबतीत सगळ्यांत आधी बोलतो तो हाच आकडा.

त्वचा. अंथरुणातील जखमेची पहिली खूण म्हणजे दाबल्यावरही न जाणारी लाली, असे कर्मचाऱ्यांना शिकवलेले असते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही. म्हणून माकडहाड, टाचा आणि नितंबांवरची त्वचा आजूबाजूच्या भागापेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का, हे हाताने पाहावे लागते. ही बाब आराखड्यात लिहून घ्या आणि आठवड्यातून एकदा अंघोळीच्या वेळी स्वतः हजर राहून पाहा.

शांत ठेवण्यासाठी दिली जाणारी मनोविकाराची औषधे. रात्री मराठीत हाका मारणारी वृद्धा कर्मचाऱ्यांना ‘अस्वस्थ’ वाटू शकते, जेव्हा तिला केवळ शौचाला जायचे असते. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी औषधाने किंवा पट्ट्याने जखडून ठेवणे निषिद्ध आहे. नवीन औषध कशासाठी आणि कोणत्या निदानावर दिले, हे प्रत्येक वेळी विचारा.

इजा होणारा अपघात, प्रकृतीतील मोठा बदल किंवा उपचारात मोठा फेरफार झाला तर संस्थेने कुटुंबाच्या प्रतिनिधीला तत्काळ कळवायचे असते. तो प्रतिनिधी कोण आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी नोंदवा.

८. तपासनीस आलेले असताना तेथे जा

संस्थेत तपासणी सुरू असल्याची सूचना लावलेली असते, आणि कर्मचाऱ्यांमध्ये तर ‘स्टेट आली आहे’ ही बातमी काही मिनिटांत पसरते. हे कळताच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तेथे जा. तुम्हाला तपासनिसांशी एकांतात बोलता येते. गटप्रमुखाला भेटायचे आहे एवढे सांगणे पुरेसे आहे. जो रहिवासी स्वतः बोलू शकत नाही त्याच्याविषयी तपासनीस कुटुंबाशी बोलतात, पण तुमच्या माणसाची निवड त्यांच्या नमुन्यात झाली नसेल तर तुम्हाला आपणहून पुढे व्हावे लागते.

आई इंग्रजी प्रश्नांना नुसती मान डोलावते म्हणून ती ‘मुलाखत देऊ शकणारी’ धरली जाते आणि तिची दोन शब्दांची उत्तरे कागदावर समाधान म्हणून उतरतात. दुभाष्याशिवाय तिची मुलाखत घेऊ नये, असे तपासनिसाला सांगा. तिलाही आधीच समजावून ठेवा की ही माणसे सरकारकडून आली आहेत आणि त्यांना खरे सांगितल्याने तिची काळजी घेणारी असिस्टंट ओरडा खाईल असे नाही. ‘त्या बिचाऱ्या पोरीचे नाव कशाला खराब करायचे’ हा विचार आपल्या माणसांच्या मनात फार पक्का असतो. अनेकदा दोष त्या पोरीचा नसतोच. तिच्यावर दुप्पट माणसांचा भार टाकणाऱ्या व्यवस्थापनाचा असतो. हे समजले की वडीलधारी माणसे मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

बोलताना वही सोबत ठेवा. तारीख, वेळ, पाळी, काय पाहिले आणि कोणाला सांगितले, अशा ओळीने लिहिलेल्या नोंदींवरून तपासनीस थेट त्या दिवसाचे कागद काढून पाहू शकतात. ‘लक्ष देत नाहीत’ या वाक्यावरून त्यांना काहीच शोधता येत नाही.

वर्षभराच्या उरलेल्या काळासाठी कुटुंबांची परिषद हा उत्तम मार्ग आहे. रहिवाशांच्या कुटुंबीयांना एकत्र जमण्याचा हक्क आहे आणि संस्थेने त्यांना जागा द्यावी लागते. आम्ही गुजराती आणि तेलुगू कुटुंबांसोबत शाकाहारी ताटाचा प्रश्न अशाच बैठकीत मांडला. एकेकट्याने महिनोन्‌महिने मागितलेली डाळ तेव्हा आठवड्याच्या आहारपत्रकात आली.

९. तक्रार करावी लागली तर

आधी मजल्यावरील मुख्य परिचारिका, मग नर्सिंग संचालक, मग प्रशासक, असा क्रम ठेवा आणि मागणी लेखी द्या. मात्र मारहाण, छळ, चोरी किंवा गंभीर दुर्लक्ष असेल तर हा क्रम पाळत बसू नका. छळाचा आरोप कळल्यापासून जास्तीत जास्त दोन तासांत संस्थेने तो राज्याच्या खात्याला कळवायचा असतो. त्यांनी कळवला की नाही याची वाट न पाहता तुम्ही स्वतः कळवा. जिवाला धोका असेल तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

बाहेर दोन दरवाजे आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. प्रत्येक राज्यात दीर्घकालीन काळजीसाठी ऑम्बड्समनचे कार्यालय असते. ते रहिवाशाची बाजू घेऊन संस्थेशी बोलते, माहिती गुप्त ठेवते आणि त्यासाठी पैसे घेत नाही. जेवण, वागणूक, खोली, आराखड्याची अंमलबजावणी अशा प्रश्नांत ते फार उपयोगी पडते. दंड करण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नाही. तपासणी आणि कारवाई हवी असेल तर राज्याच्या तपासणी खात्याकडे तक्रार द्यावी लागते. ती निनावीही देता येते. दोन्हीकडे एकाच वेळी जायला हरकत नाही.

तक्रारीसोबत नोंदवहीतील पाने, जखमेची छायाचित्रे आणि वैद्यकीय नोंदी जोडा. रहिवाशाच्या नोंदी मागितल्यावर सुट्टीचे दिवस सोडून २४ तासांत पाहू द्याव्या लागतात आणि प्रती दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाल्या पाहिजेत. निकालाच्या पत्रात तक्रार सिद्ध झाली नाही असे आले, तर त्याचा अर्थ ती खोटी होती असा नाही. तपासनीस आले त्या दिवशी पुरेसा पुरावा मिळाला नाही एवढाच आहे. तोच प्रकार पुन्हा घडला तर नव्या तारखांसह पुन्हा तक्रार द्या. पहिली तक्रार खात्याच्या नोंदीत असतेच.

तक्रार केली तर आईला बाहेर काढतील, ही भीती मला अनेक मराठी कुटुंबांनी बोलून दाखवली आहे. तक्रारीबद्दल सूड घेणे बेकायदा आहे, आणि रहिवाशाला काढण्याची कारणे नियमात मोजकीच दिलेली आहेत. सर्वसाधारणपणे ३० दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, त्या सूचनेत अपिलाची माहिती असावी लागते आणि तिची प्रत ऑम्बड्समनलाही पाठवावी लागते. अशी सूचना आली तर त्याच दिवशी ऑम्बड्समनला फोन करा आणि मुदतीत अपील दाखल करा. रहिवाशाच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला वा आरोग्याला धोका नसेल, तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत संस्थेला रहिवाशाला हलवता येत नाही.